दोन सह्यांचा नियम

शाळेच्या ऑफिसातल्या काउंटरवर लेकीच्या फ्रॉकची पिशवी ठेवून दिगंबर म्हणाला, "रेवाला आता कुठल्या शाळेत घातलंय, तेवढं बघा ना, मॅडम. सरकारी कॉम्प्युटरवर असेलच की."

शिरसाट मॅडम अवघडल्या. "आईवडील दोघांच्या सह्या लागतात. नियम तुम्हीच करून घेतलात."

खरंच होतं. दोन वर्षांपूर्वी पालकसभेत तोच तावातावानं भांडला होता. पोरांचे पत्ते, फोटो, सगळं सरकारच्या कॉम्प्युटरवर चढवताय. उद्या कुणीही उठून बघेल, मग? बायकोनं शेजारून टाळ्या वाजवल्या होत्या. दोघांच्या सह्यांशिवाय शाळेनं कुणालाच काही दाखवायचं नाही, असं वदवून घेऊनच दोघं घरी परतली होती. गेल्या जूनमध्ये बायको रेवाला घेऊन निघून गेली. पत्ता ठेवला नाही.

मॅडमनी दाराकडे पाहिलं आणि हळूच स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "बघून घ्या. मी काही पाहिलं नाही."

दिगंबरनं झटकन मान फिरवली. "नको." पिशवीकडे बोट करून तो म्हणाला, "पोरांची उंचीही असते ना त्यात? फ्रॉक अंदाजानंच घेतलाय. पत्ता नको, ती केवढी झालीय तेवढं सांगा."

मॅडमनी स्क्रीनवर नजर टाकली. मग उठून काउंटरबाहेर आल्या आणि आपल्या खांद्याशी तळहात आडवा धरला.

त्या हाताखालच्या मोकळ्या जागेकडे दिगंबर बघत राहिला. मॅडमचा हात भरून आला, तरी त्यांनी तो खाली घेतला नाही.