निळ्या दिव्याखाली

डॉक्टरांकडून वरमाईंना एकच वाक्य हवं होतं: मुलीच्या मनगटावरचा पांढरा डाग कोडाचा आहे. तेवढं मिळालं की धाकट्या मुलाचं ठरलेलं लग्न मोडता येणार होतं, तेही आपल्यावर बोल न येता. मग बिल्डरची एकुलती एक लेक त्याला सांगून आलीच होती. सौदा वाईट नव्हता.

"ठाम काय ते सांगा, मॅडम. लपवाछपवी आम्हाला चालत नाही," वरमाई म्हणाल्या. "रक्तातून येतं ना हे? अशा घराशी सोयरीक करताना माणूस दहादा विचार करणार."

डॉक्टरांनी हे पूर्वी ऐकलं होतं. याच बाईंच्या तोंडून, थोरल्याच्या वेळी. तेव्हा कोपरावर कोड असलेली मुलगी म्हणजे डॉक्टर स्वतः होत्या. वरमाईंनी ओळखलं नाही. नाकारलेल्या मुलींचे चेहरे कोण लक्षात ठेवतं? त्यात तोंडावर मास्क.

मुलगी मान खाली घालून बसली होती. डॉक्टरांनी तिचं मनगट पाहिलं. मग वरमाईंकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. बाई गोऱ्यापान, आणि त्याचा तोरा नाकावर. डाव्या पापणीचे चार केस मात्र मुळापासून पांढरे झाले होते.

"निळ्या दिव्याखाली बघावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "कोड असेल तर अंधारात निळसर चमकतं. तुम्हीही आत या. तिचा हात धरून ठेवा, हलायला नको."

हात धरायची काही गरज नव्हती.

वरमाई लगबगीने आत गेल्या. दार लागलं, दिवा पेटला. मुलीच्या मनगटावरचा डाग पुसट होऊन कातडीत मिसळून गेला. त्या मनगटाभोवतीची बोटं मात्र पेरापेरांतून चमकत होती. मग मनगट सुटलं आणि बोटं मुठीत गेली.

"पावडर लागली असेल हाताला," बाहेर आल्यावर वरमाई म्हणाल्या.

"धुऊन पुन्हा बघू या?"

वरमाईंनी मान हलवली. नको.

"हिच्यासमोरच सांगते. लपवाछपवी तुम्हाला चालत नाही." डॉक्टरांनी पेन उघडलं. "हिला घड्याळाच्या पट्ट्याची अ‍ॅलर्जी. पुरळ येऊन गेलं, त्याचा हा डाग, जाईल. तुमचं कोड आहे. शरीर स्वतःच्याच रंगावर उलटतं. गोऱ्या कातडीवर उजेडात दिसलं नाही, इतकंच. मलम देते. कोडाची कुणाला लागण होत नाही, कुणाचं काही अडत नाही." त्या थांबल्या. "निदान अडू नये."

"आणि रक्तातून?" मुलीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"कधी कधी."

वरमाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळा, घरातली गोष्ट घरात राहू दे. लग्न ठरल्या तारखेला होईल. शब्द माझा."

"नको, काकू." मुलगी उठली. "डागाचं मला काही नाही. पण डाग माझा निघाला असता तर तुम्ही मला आजच टाकलं असतंत. आणि हे ठाऊक असून तुमचा मुलगा वर दवाखान्यात आला नाही."

लग्न मोडलं. वरमाई त्यासाठीच आल्या होत्या. डॉक्टरांचं जुनं येणं व्याजासकट वसूल झालं. ते फेडणारा धाकटा खाली गाडीत एसी लावून बसला होता. त्याला अजून पत्ताच नव्हता.