पुण्याची गोळी

माकणी गावातल्या शेवंताचा लेक रामहरी आईसाठी दर महिन्याला पुण्याहून रक्त पातळ करायच्या महागड्या गोळ्या धाडायचा, आणि थोरल्या जावेच्या, गजराबाईच्या पोटात दुखायचं. एवढ्या मोलाची गोळी म्हणजे ताकदीचीच असणार! आपल्या लेकानं कधी साधी डोकेदुखीची धाडली न्हाय. शेवंताला दिसायचं कमी, म्हणून रोज दोन टाइम गोळी तिच्या हातावर ठेवायची ती गजराबाईच.

आज सकाळी शेवंताचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला. गजराबाईनं तिला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "गोळीचा अंमल असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येणार नाही."

"आई एक बी गोळी चुकवत न्हाय, साहेब," फोनवर रामहरी रडायलाच लागला.

डॉक्टरांनी रक्तातलं गोळीचं प्रमाण मोजून घेतलं आणि चकितच झाले. "मागमूससुद्धा नाही! लगेच इंजेक्शन देतोय."

"मोठी आई, तुमची नजर चुकवून आई गोळ्या फेकत व्हती वाटतं," रामहरीचा जीव भांड्यात पडला. "लई बरं झालं बघा!"

गजराबाई "व्हय, व्हय" म्हणाली आणि सकाळी विळीवर कापलेलं बोट तिनं पदरात लपवलं.



रक्त अजून थांबत नव्हतं.