आमी सरकटे पास्टरचे!

रिसोडात ख्रिस्ती घरं जेमतेम तीस, त्यातली निम्मी सरकटे पास्टरच्या चर्चला जाणारी, निम्मी इंगोले पास्टरच्या. मार्थाबाई तर एसटीच्या कंडक्टरलाही "आमी सरकटे पास्टरचे!" असं सांगून मोकळी व्हायची.

तिच्या पोरीला तलाठी मुलाचं स्थळ आलं. देखणा, निर्व्यसनी; पण घर निघालं इंगोले पास्टरचं. मार्थाबाईनं पाहुण्यांना चहाही न पाजता वाटेला लावलं आणि तडक सरकटे पास्टरचं घर गाठलं. "तुमच्यापायी तलाठी सोडला मी, पास्टरसायेब!"

पास्टरनी तिच्या डोक्यावर हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली, आमेन म्हटलं आणि हळूच विचारलं,



"त्या पोराचा नंबर हाय का, मार्थाबाई? आमची नीलिमा बी यंदा सव्वीसची झाली."