फ्रिगेटवरची बाई

मस्कतमधल्या अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये आमच्या जेवणाच्या टेबलावर माझा नवरा चंद्रशेखर अठराव्या शतकातली ब्रिटिश फ्रिगेट बांधत होता, म्हणून आम्ही दोघं वर्षभर खाली बसून जेवलो. शिडांची ती लढाऊ नौका अगदी हुबेहूब हवी होती त्याला. एक दोर जाड वाटला तरी सगळे उसवायचा. मला तर फडकं घेऊनही जवळ फिरकू द्यायचा नाही.

नौकांच्या प्रतिकृतींच्या प्रदर्शनात इंग्रज परीक्षकाने भिंग लावून तोफा पाहिल्या, डोलकाठ्या पाहिल्या, खूश झाला, आणि नौकेच्या पुढच्या टोकावर कोरलेल्या लाकडी बाईपाशी अडखळला.

“हिला चष्मा? असली बाई कुठल्याच फ्रिगेटवर नव्हती. तेवढा काढा, पहिला नंबर तुमचाच.”

“नाही काढणार.”

मी चंद्रशेखरला कोपराने ढोसलं. “अरे, काढ की! एवढ्याशा तारेसाठी पहिला नंबर घालवतोस?”

“सगळ्यात पुढे उभी राहून लाटा हीच झेलते,” तो माझ्याकडे न बघताच पुटपुटला, “आणि चष्म्याशिवाय तुला समोरचं दार दिसत नाही.”

दुसऱ्या नंबरचा चषक घ्यायला मग मीच पुढे झाले. चष्मा नीट बसवून, मान ताठ ठेवून.