भेटीच्या दिवसाचा सीन

पडद्यावर केक अख्खा तुरुंगात गेला तेव्हा पहिला हशा पिकला.

"अख्खा!" इरासी खुर्चीतून अर्धी उठलीच. "बायांनो, पाहिलंत का? सुरी खुपसली नाही, बोट घातलं नाही, काही नाही! माझ्या केकचा तर दारातच तपासून भुगा करायचे मेले पहारेकरी."

"आणि तिच्या टाचा बघ की," मागून कुणीतरी म्हणालं. "रबरी चपलेशिवाय आत सोडलंय का कधी आपल्याला?"

"हिरॉइन आहे ती, बाई. तिला पायघड्या घालतील."

खाली रेसीफे शहरातल्या थिएटरांमधून लोक हा सिनेमा पाहून डोळे पुसत बाहेर पडतात, असं कानावर आलं होतं. तुरुंग इतका खरा आजवर कुणी दाखवलाच नव्हता म्हणे. इथे टेकडीवर, चर्चमागच्या खोलीत, खिडक्यांना पुठ्ठे लावून, चादरीच्या पडद्यावर रविवारी दुपारी तोच सिनेमा चालला होता. पडद्यावर रक्त सांडत होतं आणि बाया मक्याच्या लाह्या खात चुका काढत होत्या. त्यांच्यातल्या बहुतेकींची एकमेकींशी ओळख तुरुंगाच्या दारातल्या रांगेतच झाली होती.

जुरेमा हसत नव्हती. पहिल्या रांगेत, पिशवी मांडीवर घेऊन ती बसली होती आणि पडद्यावर कैद्यांची गर्दी आली की तिची मान पुढे व्हायची. तिचा मुलगा वाल्दीर या सिनेमात होता. चित्रीकरण खऱ्या तुरुंगात झालं होतं आणि गर्दीसाठी आतलेच लोक उभे केले होते. तिला हे सांगितलं जेनिवालने. तो तेव्हा वाल्दीरच्या कोठडीत होता. नुकताच सुटून आला होता आणि आता तिच्या शेजारी बसला होता.

"आता येईल, मावशी."

"मघापासून आताच येतोय तो."

"भेटीच्या दिवसाचा सीन आहे. त्यात आम्ही सगळे आहोत."

जुरेमाने मुलाचा चेहरा चार वर्षांत पाहिला नव्हता. भेटीला येणाऱ्या बायकांना कपडे उतरवून तपासत. एकदा ती तपासणी होऊन आत गेली, तेव्हा वाल्दीर टेबलाकडे बघत म्हणाला, "आई, परत येऊ नकोस. आलीस तरी मी कोठडीतून बाहेर येणार नाही." त्यानंतरही ती गेली. तो बाहेर आला नाही.

पडद्यावर लोखंडी दार सरकलं. लांब बोळ, दोन्ही बाजूंना दाटीने उभे कैदी. नायिका केकचा डबा छातीशी धरून आत शिरली. तिची पहिली टाच वाजली तसे कैदी वळले. एकामागून एक, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

लाह्यांचा आवाज थांबला.

"हे बरोबर आहे," इरासी हळूच म्हणाली.

"दिग्दर्शकाला हे नकोच होतं," जेनिवाल जुरेमाकडे झुकून सांगू लागला. "तो म्हणाला, तिच्याकडे टक लावून बघा, उपाशी माणसासारखं. आम्ही हो म्हणालो. पण ती चालायला लागली की सगळे वळायचे. दुसऱ्याच्या घरची बाई भेटीला आली की बघायचं नसतं, मावशी. जो बघेल त्याची आत धडगत नाही. ती नटी आहे, हे डोक्याला कळत होतं, पण मान ऐकत नव्हती. खूप ओरडला तो. शेवटी दमला, म्हणाला, राहू द्या असंच."

"वाल्दीर कुठाय?"

"डावीकडे. खांबाच्या अलीकडचा."

"सिस्टर, थांबवा!" जुरेमा उठलीच. "तिथेच थांबवा."

प्रोजेक्टरपाशी बसलेल्या चर्चच्या सिस्टर लुर्देसने चित्र थांबवलं. जुरेमा पडद्यापाशी गेली. तिची सावली नेमकी त्या खांबावर पडली, म्हणून ती बाजूला झाली. जवळून पाहिलं तर चादरीचे धागेच जास्त दिसत होते. फिकट सदरा, बारीक कापलेले केस, भिंतीला टेकलेला एक तळवा. तिने हात उचलला, पण चादर हलेल म्हणून लावला नाही.

"वाळलाय," ती म्हणाली.

"अगं, पाठीवरून काय कळतंय तुला?" इरासीने विचारलं.

"वाळलाय. मानेचं हाड बघ." मग ती जेनिवालकडे वळली. "ती बाई निघून गेल्यावर वळता ना रे तुम्ही परत?"

"वळतो की. ती पार दिसेनाशी झाली की मग."

"ते घेतलंय यात?"

जेनिवालने खांदे उडवले. "कॅमेरा चालू होता तेव्हा. पण ठेवलंय की कापलंय, मला काय माहीत? मीसुद्धा पहिल्यांदाच बघतोय, मावशी."

सिस्टरचं बोट बटणावर तसंच होतं.

"जुरेमाबाई, बसता ना? पुढे लावते."

जुरेमा खुर्चीकडे गेली नाही. होती तिथेच, भिंतीलगत उभी राहून तिने पडद्याकडे पाठ केली. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली.

"लावा आता," ती म्हणाली. "मी बघत असले तर तो वळायचा नाही."

चित्र हललं. नायिकेच्या टाचा वाजत लांब गेल्या, आणखी लांब गेल्या. खुर्च्यांवरचे सगळे पडद्याकडे बघत होते. जुरेमा त्यांचे चेहरे बघत होती.