पडद्यावरचं गंध

गेलेली माणसं दिवेलागणीला पडद्यावर येऊन बोलू लागली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. रमाकाकूंचे यजमान तात्या रोज एकाच जागी बसून बोलायचे. त्यामुळे टीव्ही बंद केला तरी काचेवर त्यांची पुसट आकृती उरायची. सकाळी देवांना लाल गंध लावलं, की काकू त्या आकृतीच्या कपाळालाही लावायच्या.

"आई, आपल्या घरच्या टीव्हीचं पॅनल जळालंय," सून वैदेही दुकानात म्हणाली. "नव्यावर डागच पडत नाही. बघा, तात्या किती स्पष्ट दिसतील!"

"डाग म्हणू नकोस गं," काकू हळूच म्हणाल्या. पण सुनेचं मन मोडवेना.

घरी नव्या पडद्यावर तात्या अगदी समोर बसल्यासारखे दिसले. "बारीक झालीस. एकादश्या कमी कर जरा. येतो गं," म्हणाले आणि गेले. मागे नुसता काळाभोर पडदा उरला.

सकाळी काकूंनी सवयीने गंधाचं बोट त्याच जागी टेकवलं. काचेत त्यांचंच प्रतिबिंब होतं. तात्या गेल्यापासून मोकळ्या राहिलेल्या कपाळावर गंध नेमकं बसलं होतं.

ते पुसायला काकूंचा हात धजेना.