शोधून दाखवा

"त्या फोनला सांग, माझ्या टकलाकडे काय बघतोस, हाताकडे बघ," रफूवाला कोटात मान खुपसून पुटपुटला.

"टक्कल नाही येत, बाबा. कपाळापर्यंतच येताय," सून म्हणाली आणि फोन आणखी वीतभर मागे घेतला.

"मागे मागे काय जातेस? अशीच रस्त्यावर जाऊन उभी राहशील. लांबून काय, चिंधीसुद्धा धड दिसते."

इस्त्रीच्या टेबलामागे त्याची बायको हसली. पण जरा उशिरा.

कोट गिऱ्हाइकाचा होता, राखाडी. बाहीवर ठिणगी पडून वाटाण्याएवढं भोक पडलेलं. रफूवाल्याने कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागे काढून घेतले होते. बाहेरचा धागा वापरणं म्हणजे त्याच्या लेखी चोरी. त्याने हात लांब करून पिनकुशनमधली सुई उचलली. सुया ओवलेल्याच होत्या. रोज सकाळी दुकान उघडलं की सून ओवून ठेवायची. ओवून ठेव असं त्याने कधी सांगितलं नव्हतं, ओवून ठेवल्यात असं तिनेही कधी सांगितलं नव्हतं.

दुकानाची एक रीत होती. काम झालं की कपडा आधी बायकोकडे जायचा. ती ओलं फडकं ठेवून त्यावर इस्त्री फिरवायची. मग तो म्हणायचा, "शोध." तिने बोट फिरवून "नाही सापडत" म्हटलं की कपडा गिऱ्हाइकाच्या हातात. तिथेही तेच. "शोधा. भोकाची जागा सापडली तर पैसे देऊ नका." लोक कपडा उजेडात धरायचे, उलटा करायचे, सुलटा करायचे, हरायचे आणि हसत पैसे द्यायचे.

हरायचे हल्लीही. फक्त फार लवकर हरायचे, आणि पुन्हा यायचे नाहीत.

"लोक आता फाटलं की टाकूनच देतात," असं घरात सगळे म्हणत. म्हणायला ते सोपं होतं. मुलाने तर सांगूनच टाकलं होतं: हा व्हिडिओ बघून कोणी आलं तर ठीक, नाहीतर गाळा सोडायचा. सुनेच्या मनात होतं, बाबांनी खुर्चीत बसून जुन्या आठवणी सांगाव्यात. त्याने ते उडवून लावलं. "आठवणींना कोण विचारतंय? मी काम करतो, शेवटी म्हणतो 'शोधा'. बसू दे सगळ्या जगाला शोधत." हे ऐकल्यापासून सून फोन लांबच धरत होती.

शेवटचा टाका पडला. बायकोने फडकं पिळून बाहीवर टाकलं आणि इस्त्री ठेवली. हल्ली ती इस्त्री फार वेळ दाबून धरायची. वाफ निघून गेली तरी तिचा हात तिथेच.

"शोध," तो म्हणाला.

"नाही सापडत," ती म्हणाली. इस्त्री अजून उचलायचीच होती.

"आता जवळून घे," त्याने सुनेला सांगितलं.

"उजेड बरोबर नाहीये, बाबा."

"भर दुपारी? मग सूर्याला सांगू का, जरा खाली सरक म्हणून?" त्याने तिचं मनगट धरलं आणि फोन बाहीवर आणून टेकवायचाच बाकी ठेवला. "असं. हे असं बघतात."

नखाखाली झाकेल एवढी जागा फोनवर तळहाताएवढी झाली. धागा एक सोडून एक जायला हवा होता. तो कुठे दोन सोडून गेला होता, कुठे शेजारच्याच धाग्यावर चढून बसला होता. कडेला एक गाठ. इस्त्रीने सगळं चपटं झालं होतं, नाहीसं झालं नव्हतं.

"शोधा!" रफूवाला फोनकडे बघून म्हणाला. त्याने आज दाढी केली होती, आणि सकाळपासून खाकरून खाकरून आवाज साफ ठेवला होता.

"कसं आलंय?" त्याने सुनेला विचारलं.

"छान आलंय. यावर एखादं गाणं टाकू, म्हणजे..."

"गाणं कशाला? लोकांनी गाणं ऐकायचं का जागा शोधायची? आण इकडे."

त्याने फोन नाकाशी धरला. मग हात लांब करून धरला. चष्मा कपाळावर सारला, पुन्हा खाली ओढला. आणि मांडीवर थाप मारली.

"बघा! माझं मला सापडत नाहीये!"

बाहेर कोणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती. माणूस किक मारत होता, थांबत होता, पुन्हा मारत होता.

"टाक," रफूवाला म्हणाला. "टाकून दे लोकांत."

सुनेचा अंगठा फोनवर गेला आणि काचेपासून तांदळाएवढ्या अंतरावर थांबला. तिने सासूकडे पाहिलं.

"आई, टाकू?"

"थांब. मी कुठे बघितलंय अजून."

इस्त्रीचं बटण बंद करून ती पुढे आली. रफूवाल्याने सरकून तिला बाकावर जागा करून दिली. "ये, ये. शोध. तू तर जन्मभर हरत आलीयेस."

तिने आधी त्याच्याकडे पाहिलं. मग व्हिडिओकडे. मग काचेवर बोट ठेवलं.

"इथे."

"ते काचेवर लागलं असेल काहीतरी. पूस."

तिने इस्त्रीचं ओलं फडकं आणलं आणि काच पुसली. सावकाश पुसली, चारही कोपरे धरून, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी. ओल लागून व्हिडिओ भलतीकडेच गेला. सुनेने तो परत आणून दिला.

तिने बोट पुन्हा तिथेच ठेवलं.

"सापडली हो," ती म्हणाली. "वर्ष झालं. रोज सापडते."